गाडीत चारच मावल्या

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. जुनी म्हणजे पाच वेळा व्यायलेली. माझं नाव जांभळी. कांदिवलीच्या एका तबेल्यात, शेवटच्या ओळीत, पाण्याच्या टाकीशेजारी माझा खुंटा आहे. तुम्ही निबंधात गाईला आई म्हणता, घोड्याला इमानी म्हणता आणि कुणाला मठ्ठ म्हणायचं असलं की आमचं नाव काढता. असो. रागावून मी जाणार कुठे? गळ्यातली साखळी दोन हात लांब. बसता येतं, उठता येतं, वळता मात्र येत नाही. इथे माझी शेपटीही मला नीट दिसत नाही.

माझा जन्म गुजरातेतला. ट्रकमधून इथे आले तेव्हा तबेल्यामागे मोकळं माळरान होतं. आता चहूबाजूंनी इमारती आहेत आणि ऊन दुपारी तासभरच आत येतं. पण माझा थाट होता बरं का! दिवसाला पंधरा लिटर दूध द्यायची. मालक रामचंद्रशेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यासमोर आणून उभं करायचे. त्यांची बायको कृष्णाबाई पुढच्या खिडकीत बसून रतिबाचं दूध मोजायची आणि गडी मिथुन आमच्या धारा काढायचा. निम्म्याहून जास्त दूध स्टेशनजवळच्या एका मिठाईवाल्याकडे जायचं.

मग त्या वर्षी मार्चमध्ये रस्ता एकाएकी गप्प झाला. कसलासा आजार आला होता म्हणे. मिठाईवाल्याचं शटर खाली आलं, हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद. सोसायट्यांचे वॉचमन मिथुनला फाटकातूनच परत पाठवायला लागले. कृष्णाबाईने चार दिवस खवा आटवला, शेजारीपाजारी दूध वाटलं. पाचव्या दिवशी बादल्या गटारात रिकाम्या झाल्या. मी ते पाहिलं नाही, पण ऐकलं. दूध सांडताना पाण्यासारखाच आवाज होतो.

आमचं पोट मात्र बंद ठेवता येत नव्हतं. भुशाचे ट्रक येईनात. पेंडीचं पोतं दीडपट महाग झालं. एका सकाळी रामचंद्रशेठ आमच्या ओळीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या पाच जणींचं दूध आटवून टाकू."

म्हणजे काय, ते सांगते. आंबोण, म्हणजे पेंडीचा खुराक, बंद करायचं, धार दिवसातून एकदाच काढायची आणि मग तीही थांबवायची. म्हैस विण्याच्या दोनेक महिने आधी हे करतातच. पण आम्ही पाचही जणी तेव्हा भर दुधात होतो.

मिथुन कळवळून म्हणाला, "शेठ, ये दुकान नाय. शटर खाली किया, फिर खोल दिया, असं नाय होत."

"तू मला शिकवू नको. यांना खायला तुझा बाप घालणार काय?"

"अहो, चार दिवस थांबा ना," कृष्णाबाई म्हणाली. "मिठाईवाला काय जन्मभर बंद राहणार?"

"चार दिवस, चार दिवस करत महिना गेला गं!"

आणि माझी धार थांबली. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. कास दगडासारखी झाली. दूध आपोआप ठिबकायचं. मी रात्रंदिवस हंबरायची आणि मिथुन माझ्याकडे न बघता पुढे जायचा. पंधरा दिवसांनी दुखणं थांबलं आणि त्याबरोबर दूधही थांबलं.

एरवी भाकड म्हशींची गंमत असते. त्यांना पालघरकडच्या गावात पाठवतात. तिथे गवत असतं, डुंबायला ओढा असतो, गळ्यात साखळी नसते. पुन्हा गाभण राहिलं, विण्याची वेळ जवळ आली की परत इथे. पण त्या वर्षी ती गाडी येईना. आम्ही पाच जणी दूध नसलेल्या, अर्धपोटी, जागच्या जागी उभ्या. शेजारच्या खुंट्यावरची चांदी तर रिकामी गव्हाणच चाटायची.

पुढे हळूहळू दुकानं उघडली. दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाल्याचा फोन आला. हवं तेवढं दूध पाठव, भाव तू म्हणशील तो! रामचंद्रशेठ बादली घेऊन स्वतः माझ्याजवळ बसले. हात ओला करून त्यांनी सड धरला. काहीच आलं नाही. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता, पण लाज मलाच वाटली.

तिकडे खिडकीशी रश्मी नावाची नेहमीची गिऱ्हाईक वैतागली होती. "काकी, लिटरमागे दहा रुपये वाढवले? वाट लावली ना आमची!"

"दूधच कमी आहे गं," कृष्णाबाई हळूच म्हणाली. "आम्हीच कमी केलं."

मग नव्या दुभत्या म्हशी आणायच्या ठरल्या आणि आमची जागा रिकामी करायची ठरली. व्यापाऱ्याचा टेम्पो आला. पालघरची गाडी कुठली आणि कत्तलखान्याची कुठली, हे आम्हाला बरोबर कळतं. दाराकडून एकेकीला सोडत नेलं. चांदी जाताना माझ्या अंगाला अंग घासून गेली. गाडीत चारच मावल्या. व्यापारी म्हणाला, "पाचवीला उद्या नेतो."

दुसऱ्या सकाळी टेम्पो येण्याआधीच कृष्णाबाई स्टूल घेऊन फाटकात बसली होती.

"ही जायची नाही."

"अगं, भाकड म्हैस पोसायची कशाला?" रामचंद्रशेठ म्हणाले.

"ती आपणहून भाकड झाली नाही. आपण केली. काल चौघी गेल्या तेव्हा मी आत तोंड लपवून बसले. आज नाही बसणार."

टेम्पोने दोनदा हॉर्न दिला. ती हलली नाही. शेवटी गाडी रिकामीच परत गेली.  थोड्या वेळाने रामचंद्रशेठनी भुशाचं घमेलं माझ्यापुढे आणून ठेवलं.

त्यानंतर मी गावी गेले, व्याले, परत आले. आता पुन्हा दूध देते. खुंटा तोच, साखळी तीच. येणारे-जाणारे म्हणतात, जांभळी गुणाची म्हणून वाचली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? चांदी माझ्याहून गुणाची होती. तिचा खुंटा दाराच्या बाजूला होता आणि माझा भिंतीला लागून, एवढंच.

दूध महागलं की भाव जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण जमलं तर एकदा आत येऊन आम्हालाही बघून जा. आणि जग बंद करायची वेळ पुन्हा आलीच, तर कुलपं दुकानांना लावा. ती उघडता येतात. आमच्या कासेला लावू नका.