दिपिकाला आउट कोण करणार?

नूतन बाईंनी एखादी गोष्ट एकदा मनावर घेतली की त्यांना आवरणं कठीण. पेणला शिक्षकांचं शिबिर झालं, अपंग मुलांना साध्या शाळेत कसं सामावून घ्यायचं त्याचं. बाकीचे मास्तर जेवण कधी सुटतंय इकडे डोळे लावून बसलेले, आणि या बाई पहिल्या रांगेत कानात प्राण आणून ऐकतायत. त्याला कारणही तसंच होतं. त्यांच्या पाचवीच्या वर्गात त्या साली दिपिका आली होती.

दिपिका ही धरमतरच्या खाडीकडेला मिठागरात काम करणाऱ्या पुतळीची मुलगी. तान्ही असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय वाळला तो वाळलाच. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. चौथीपर्यंत वाडीवरच्या शाळेत आईच्या नजरेसमोर शिकली. पाचवीला मोठ्या गावात पाठवायची वेळ आली तेव्हा पुतळी स्वतः तिला घेऊन आली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाय, पोर माजी हुशार हाय. पन हिला कोनी हसलं, कोनी धक्का दिला, तर त्याच दिवशी मी हिला घरी नेईन. शाळेचं नाव परत काढायची नाय."

"पुतळीताई, तिच्या अंगाला ओरखडासुद्धा येणार नाही," नूतन बाईंनी शब्द दिला. दिला तर दिला, आणि पाळलाही. तोच नडला, ते पुढे कळेलच.

शिबिरावरून आल्या आल्या बाईंनी वर्गाला तास दोन तास समजावलं. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले, पायाला पाय बांधून चालायला लावलं, की बघा, कसं वाटतं. मुलं धडपडली, हसली, आणि मग खरंच गप्प झाली. "दिपिका आपली आहे. तिला सगळ्यांनी सांभाळायचं," बाई म्हणाल्या. मिथुन नावाचा वर्गातला सगळ्यात दांडगट पोरगा, त्याने तर देवाची शपथ घेतली.

आता सांभाळायचं म्हणजे काय करायचं? गावच्या पोरांना सांभाळायची एकच रीत ठाऊक. खेळताना एखादं चिल्लंपिल्लं मागे लागतं, मला घ्या म्हणून भोकाड पसरतं. मग त्याला दूधभात करतात. म्हणजे ते खेळात असतं आणि नसतंही. पळू दे, ओरडू दे, पण त्याला आउट करायचं नाही आणि त्याच्यावर राज्यही द्यायचं नाही. पोरांनी दिपिकाला दूधभात केलं.

शाळेमागच्या शेतात भात कापून झाला होता, जमीन खडखडीत वाळली होती. तिथे रोज आट्यापाट्यांचा डाव रंगायचा. जमिनीवर आडव्या रेघा, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक जण पहाऱ्याला. त्याने पाटी सोडायची नाही, आणि बाकीच्यांनी त्याला चुकवून पलीकडे जायचं, परत यायचं. हात लागला की आउट. दिपिका कुबडी टेकत निघायची. मिथुन लगेच हात मागे बांधायचा. "जा गो दिपे, जा." पुढच्या पाटीवरचा बाजूला व्हायचा. ती सगळ्या पाट्या ओलांडून परत आली की पोरं टाळ्या वाजवायची.

बरं, हे खेळापुरतंच राहिलं असतं तर एक वेळ ठीक. वर्ग झाडायची पाळी सगळ्यांवर यायची, दिपिकावर नाही. गृहपाठ राहिला म्हणून सगळे उभे, दिपिका बसलेली. नूतन बाई लांबून बघायच्या आणि त्यांचा ऊर भरून यायचा. काय ही गुणी मुलं! शनिवारी रोह्याला घरी गेल्या की वडिलांना, हैबतरावांना, कौतुकाने सगळं सांगायच्या.

आणि माघ लागला तशी दिपिका शाळेत यायचीच बंद झाली.

एक दिवस गेला, दुसरा गेला. ताप असेल म्हणून बाईंनी वाट बघितली. मग शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या सरळ तिच्या घरी गेल्या. पुतळी नुकतीच मिठागरावरून आली होती, हातपाय पांढरे झालेले. बाईंना बघताच तिचा पारा चढला.

"कोन काय बोललं हिला? माला नाव सांगा निसतं."

"अहो, कोणी नाही बोललं! सगळी मुलं जीव लावतात हिला."

"मग ही येड लागल्यासारखी का करते? शाळेत नाय जायाची, मीठ भरीन बोलते."

दिपिका भिंतीला टेकून बसली होती. मान खाली. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. तशी ती एकदम म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी साताचा पाढा चुकीचा म्हटला."

"असू दे गं. चुकतं एखाद्या वेळी."

"चुकला नाय. मी मुद्दाम म्हटला. साती आठे पासष्ट म्हटलं." तिने मान वर केली. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमीपन वाजवल्या."

नूतन बाईंच्या थोबाडीत कोणीतरी खाडकन मारावी तसं झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निलेश साती आठे चोपन्न म्हणाला तेव्हा त्याला दहादा म्हणायला लावलं होतं, आणि हिला मात्र 'शाब्बास'.

"नि खेळात माला कोनी आउट करीत नाय," दिपिका म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "कदीच नाय. मी असली काय नि नसली काय. मग मी कशाला येऊ?"

"अगं, तुला लागेल म्हणून..." बाई म्हणाल्या. पुतळी चुलीपाशी उभी होती. लेकीचं हे गाऱ्हाणं तिच्याही डोक्यावरून गेलं होतं.

शनिवारी बाई रोह्याला गेल्या. एसटीत गडब गेलं, नागोठणं गेलं, यांचं लक्ष खिडकीबाहेर नाही की आत नाही. संध्याकाळी ओट्यावर चहा घेत बसल्या, तर समोर गल्लीत पोरांचा लपाछपीचा दंगा चाललेला. त्यांचा चार वर्षांचा भाचा साईराज सगळ्यांच्या मागे पळत होता, उघड्यावरच डोळे मिटून लपत होता, आणि कोणी त्याला धरत नव्हतं. स्वारी खुशीत.

"याला कधी घेणार गं खरं खरं?" बाईंनी थोरल्या भाचीला, मृणालीला, सहज विचारलं.

"पुढच्या वर्षी. जरा मोठा झाला की," मृणाली म्हणाली आणि पळाली.

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. साईराज मोठा होणार, त्याचं दूधभातपण पुढच्या वर्षी संपणार. दिपिकाचा पाय काही मोठा होऊन बरा होणार नव्हता. तिला आपण सगळ्यांनी मिळून जन्माची दूधभात करून ठेवली की! आणि वर ऊर भरून घेतला. नूतन बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून आत गेल्या आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिल्या.

सोमवारी शाळेआधी त्या पुतळीच्या दारात हजर.

"दिपिकाला पाठवा. आज तिला खेळात घेणार. खरं खरं."

"पडली तर?"

इथे पूर्वीच्या नूतन बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, छे, पडेल कशी. या म्हणाल्या, "पडेल. बाकीची पडतात तशी."

पुतळीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "मग मी बांधावं येऊन बसते. मी काय आंधळी नाय. माज्या पोरीला कोनी मुद्दाम ढकललं, तर तिथनंच घरी नेईन. मंग तुमी पाया पडलात तरी नाय धाडायची." दिपिका तोवर बूट चढवून उठलीसुद्धा होती.

वर्गात बाईंनी सांगून टाकलं, "आजपासून दिपिका दूधभात नाही. खेळातही नाही आणि वर्गातही नाही. माझी चूक झाली. मीच तुम्हाला नीट सांगितलं नाही."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मिथुन उभा राहिला. "बाई, पन ती पडली तर माला पाप लागल."

"तू पडतोस तेव्हा कोणाला लागतं?"

"माजं काय, मी रोजच पडतो," मिथुन म्हणाला. सगळा वर्ग फिसकन हसला. दिपिका सगळ्यांत मोठ्याने हसली.

दुपारी डाव मांडला. पुतळी बांधावर येऊन बसली, पदर कमरेला खोचून. नूतन बाई तिच्या शेजारी. पोर पडली आणि आईने हात धरून नेली, तर हुशार मुलगी जन्मभर मीठ भरत बसणार, आणि ते आपल्या डोक्यावर.

दोघं-तिघं आउट होऊन कडेला बसले, मग दिपिका निघाली. पहिल्या पाटीवर निलेश होता. त्याचे हात सवयीने मागे जाऊ लागले, ते त्याने अर्ध्यावर थांबवले, आणि तेवढ्यात ती कुबडीवर गर्रकन वळून त्याच्या बगलेतून निसटली. निलेश बघतच राहिला. मुलं ओरडली, "अरे, गेली की!" या खेपेला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या पाटीवर मिथुन. ती डावीकडे गेली, तो डावीकडे. तिने उजवीकडे हूल दिली, तोही आला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. दिपिका थांबली, धापा टाकत त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "घाबरतोस काय मिथ्या, मार ना!" आणि कुबडी रोवून तिने स्वतःला पुढे फेकलं.

मिथुनने हात मारला. चांगला सणसणीत, पाठीत. दिपिकाचा बूट वाळक्या ढेकळात अडकला आणि ती धाडकन पडली. कुबडी एकीकडे, ती एकीकडे.

पुतळी उठली आणि बांधावरून खाली उतरून तरातरा निघाली. नूतन बाई तिच्यामागे धावल्या, "पुतळीताई, अहो थांबा," पण ती कोणाचं ऐकतेय.

ती निम्म्या वाटेवर असतानाच दिपिका उठून बसली. कोपर खरचटलेलं, केसांत माती. तिने मिथुनकडे बोट केलं आणि जी काय बोंब ठोकली!

"आउट नाय! आउट नाय! तुजा पाय पाटीवरनं सुटला व्हता!"

मिथुन आधी दचकला. मग त्याच्या जिवात जीव आला आणि मग त्याला राग आला. "खोटं बोलतेस! पाय पाटीवरच व्हता! आउट म्हंजे आउट, जा, बस तिकडं!"

"रडी खातोस मिथ्या!"

"तूच रडी!"

दोघं असे कचाकचा भांडत होते की पुतळी आली आहे हेसुद्धा त्यांना कळलं नाही. ती तिथेच थांबली.

"बाय," ती हळूच म्हणाली, "हा तिच्यावं खेकसतोय."

"हो."

"नि ती त्याच्यावं."

"हो, तीपण."

पुतळीचे डोळे भरून आले. "घरी येऊन रोज गप बसायची. माला वाटायचं, शाळेत जाऊन शानी झाली पोर." तिने पदराने नाक पुसलं.

तोवर दिपिकाला आई दिसली. "आये! तू बांधावं व्हतीस ना? सांग याला! पाय सुटला व्हता ना याचा?"

आता सगळी पोरं पुतळीकडे बघायला लागली. मिथुन तर दोन पावलं मागे सरला.

"नाय सुटला," पुतळी ठणकावून म्हणाली. "मी बगितलाय. आउट हायस तू दिपे. उठ, नि जाऊन बस गपचूप!"

पोरांनी असा कल्ला केला की शाळेतून हेडमास्तर बाहेर आले. दिपिका धुसफुसत उठली, कुबडी स्वतः ओढून घेतली, आणि शेताच्या कडेला आउट झालेल्यांच्या रांगेत जाऊन धपकन बसली. शेजारच्या पोराने तिच्याकडे न बघताच जरा सरकून जागा करून दिली. नूतन बाई तिथेच उभ्या राहून रडत होत्या, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"आईच माजी वैरी," दिपिका रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तोंड भरून हसू, ते काही तिला दाबता येईना. "थांबा, पुढच्या डावाला मी पाटीवर उभी राहनार. मंग बगते मिथ्याला."