तेराच्या घरातली बांगडी

मला सगळ्यांचाच संशय येतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही विहिरीतल्या पाण्यालाही विचाराल, तू खरंच पाणी आहेस ना. म्हणू दे. औरादच्या बाजारात भोळेपणानं गेलेली माणसं कशी परत येतात ते मी पाहिलंय. विश्वास तर पानिपतातच गेला.

सरकारी कागदांतल्या फसली सनाप्रमाणं तेराशे सेहेचाळीसचं साल होतं. रामकिशन नावाचा धान्याचा व्यापारी दर बाजारी सोडत काढायचा. चिंचेखाली चुन्यानं एकवीस घरं आखलेली, त्यांत एक ते एकवीस आकडे. शेरभर ज्वारी त्याच्या पोत्यात ओतायची आणि आपल्या खुणेची वस्तू हव्या त्या घरात ठेवायची. कुणाची सुपारी, कुणाचा चिंचोका. माझी कवडी. मग पितळी घागरीतून एक लाकडी बिल्ला काढायचा. त्यावर जो आकडा, त्या घरात ज्यांच्या खुणा, त्यांनी पोतं सारखं वाटून घ्यायचं. रामकिशन दोन शेर ठेवून घ्यायचा, आणि जमलेल्या गर्दीला मीठमिरची विकायचा.

माझा आकडा अकरा. गाणगापूरला दत्ताच्या पायरीवर डुलकी लागली, तेव्हा स्वप्नात अकरा दिवे दिसले होते. असा दृष्टान्त फक्त मलाच झाला असेल असं वाटलं होतं. पण अकराच्या घरात कायम जत्रा. शुभ आकडा, आहेराचा आकडा, म्हणून अर्धा बाजार तिथंच.

शिवम्मा मात्र कधी दहात, कधी बारात, कधी तेरात आपल्या हिरव्या बांगडीचा तुकडा ठेवायची. ही शिवम्मा म्हणजे हावगेप्पाची बायको. हावगेप्पा माझा शेतशेजारी. त्याचा एक बैल, माझा एक बैल, दोघांची मिळून जोडी, बांधायला माझा गोठा. नऊ वर्षं आम्ही अशीच पेरणी केली, दोन दिवस त्याच्या रानात, दोन दिवस माझ्या.

आता दहा, बारा, तेरा हे काय आकडे आहेत? माणूस गेल्यावर दहावा घालतात, बारावा घालतात, तेरावा घालतात. त्या घरांत आमच्यातलं कुणी खडासुद्धा ठेवत नव्हतं. घरात म्हातारं माणूस असलं तर त्या घरांकडं बघतही नसत. तरी ही बाई तिथं बांगडी ठेवायची, आणि पोळा झाल्यावरच्या बाजारी तेरा निघाला. अख्खं पोतं एकटीनं डोक्यावर घेऊन गेली.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आकडा आधी ठाऊक असल्याशिवाय कोण असल्या घरात बसेल? मी घागर मागून घेतली, बिल्ले मोजले. एकवीसच होते. तेराचा बिल्ला हुंगला, दातानं चावून पाहिला. लाकूडच होतं. पुढच्याच बाजारी शिवम्मा रामकिशनच्या दुकानात तांब्यानं पाणी पिताना दिसली आणि मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. त्या उन्हात निम्मं औराद त्याच दुकानात पाणी पीत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी तडक हावगेप्पाकडं गेलो. तुझी बायको त्या व्यापाऱ्याला सामील आहे, निम्मी ज्वारी त्याच्या घरी जाते, असं तोंडावर सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हावगेप्पा मुळात कमी बोलणारा. मग माझ्या गोठ्यात आला, आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि चालायला लागला. माझा बैल मान वळवून बघत राहिला. मला वाईट वाटलं, पण बोलावणं माझ्याच्यानं झालं नाही.

रब्बीच्या पेरणीला पंधरा दिवस उरले होते. एका बैलानं तिफण चालत नाही. आता एकच वाट होती. भर बाजारात लबाडी उघडी पाडायची, म्हणजे हावगेप्पा खाली मान घालून बैल घेऊन परत येईल. नाहीतर माझं रान पडीक.

बाजाराच्या दिवशी बिल्ला काढायच्या आधीच मी आडवा आलो. ही सोडत ठरलेली असते, असं सगळ्यांपुढं म्हणालो. रामकिशन चिडला नाही. त्यानं घागर माझ्यासमोर ठेवली, आणि अंकुशराव, आज तुम्हीच काढा, म्हणाला.

मी बाही वर सारली. घागर सात-आठ वेळा हलवली. तोंड दुसरीकडं केलं, तळातला बिल्ला चाचपून उचलला आणि वर काढला. बारा. बाराच्या घरात हिरव्या बांगडीचा तुकडा होता, एकटाच.

रामकिशनची लबाडी नाही हे माझ्याच हातानं सिद्ध झालं होतं. गप्प बसायचं सोडून मी बोललो, ही करणी आहे. आजूबाजूची माणसं शिवम्मापासून दोन पावलं मागं सरली. ते पाहून मला लाज वाटली, पण शब्द सुटून गेला होता.

शिवम्मा पोत्याजवळ उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही.

"अंकुशअण्णा, आम्ही लिंगवंत. आमच्यात सुतक न्हाई, दहावा न्हाई, तेरावा न्हाई. मला बारा बी आकडाच, अकरा बी आकडाच. कोणता निघंल ते मला कसं कळंल? मी येते, कोणत्या घरात कुणी न्हाई ते बघते, आन् तिथं ठेवते. निघायचं ते घागरीला ठावं. निघाल्यावर किती जणांत वाटायचं, तेवढंच आपल्या हातात हाय."

मग रामकिशननं विचारलं, पाडव्यापासून अकरा किती वेळा निघाला, आठवतं का? मला चांगलं आठवत होतं. तीनदा. तिचा आकडा दोनदा. म्हणजे नशीब माझं थोर होतं. पण अकरा निघाला की आम्ही पंधरा-सोळा जण ओंजळी पसरून उभे राहायचो, चार-चार शेर घरी न्यायचो, आणि तेवढ्यावर दत्ताला नारळ फोडायचो.

दुसऱ्या दिवशी मी हावगेप्पाच्या दारात गेलो. चुकलो म्हणालो. हे मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय. त्यानं मला बसवलं, शिवम्मानं गूळपाणी दिलं. मग हावगेप्पा खाली बघत म्हणाला, "बैल पलीकडच्या रानातल्या निंगप्पाच्या जोडीला दिलाव. शब्द गेलाय, अण्णा. या साली न्हाई जमायचं."

निंगप्पाची पेरणी झाली, हावगेप्पाची झाली. मी भाड्याच्या जोडीसाठी हिंडत राहिलो. मिळाली तेव्हा ओल खाली गेली होती. निम्मं रान तसंच राहिलं.

त्यानंतर मी पुन्हा बाजारात गेलो. चिंचेखाली गेलो आणि बघतच राहिलो. शिवम्माचं बोलणं सगळ्यांच्या कानांवर गेलं होतं. दहा, बारा आणि तेराच्या घरांत पाय ठेवायला जागा नव्हती. सुपाऱ्या, चिंचोके, खिळे, गुंड्या. करणी म्हटल्यावर मागं सरलेल्यांच्या खुणा मी एकेक करून ओळखल्या. आणि अकराचं घर ओस पडलं होतं. तिथं फक्त हिरव्या बांगडीचा तुकडा होता.

अकरा माझाच आकडा. दत्तानं दिलेला. शेरभर ज्वारी घेऊन आलो होतो, कवडी मुठीत होती. मी वाकलो. शिवम्मा पलीकडं उभी राहून माझ्याकडं बघत होती. कवडी त्या बांगडीशेजारी ठेवली असती, आणि अकरा निघाला असता, तर तिचं निम्मं पोतं माझं झालं असतं.

मी कवडी परत खिशात टाकली आणि ज्वारी तशीच घरी आणली. गोठ्यात जाऊन ती माझ्या एकट्या बैलापुढं ओतली.