बाईंची लाडकी ढवळकांडी

मित्रांनो, मी एक जुनी ढवळकांडी आहे. बोटाच्या पेराएवढी. पोटात लोहचुंबक, अंगावर टेफ्लॉनचं पांढरं आवरण. पांढरं म्हणायचं आपलं. आता ते राखाडी झालं आहे. मला चंबूत टाकून खालचं यंत्र सुरू केलं, की मी गरगर फिरून आतलं रसायन ढवळते. एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघाले ती थेट बाईंच्या हातात पडले. बाई सेंद्रिय रसायनशास्त्राच्या संशोधक. अभिक्रिया घडवून आणणारे, पण स्वतः न संपणारे जे पदार्थ, त्या उत्प्रेरकांपायी त्यांनी उभं आयुष्य घातलं. सुरुवातीला आमचा उत्प्रेरक होता पॅलेडियम नावाचा महागडा धातू. त्याच्या काळ्या भुकटीत फिरून माझ्या अंगावर ओरखडे पडले. बाई मला घासत, आम्लात उकळत, पुन्हा कामाला लावत.

पुढे बाईंना ध्यास लागला, की हीच अभिक्रिया धातूशिवाय करायची. एक दिवस ती खरंच झाली. एरवी हसायला महाग असलेल्या बाई मला चिमट्यात धरून म्हणाल्या, "पायगुणाची आहेस गं!" तेव्हापासून त्या प्रयोगाला मीच लागे. दुसरी कांडी त्यांना चालतच नसे.

शोधनिबंध गाजला. जगभरचे संशोधक आपल्या लेखांत त्याचा हवाला देऊ लागले. अशा हवाल्यांना सायटेशन म्हणतात, आणि त्या जगात माणसाचं वजन त्यांवरच करतात. बाईंची लेक चिडवायची, "आई, जेवतेस की आधी आकडा बघून येतेस?"

मग परगावच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, तुम्ही लिहिलंय तस्संच करतेय, पण काहीच होत नाही हो."

"होतं. तुझा हात बसलेला नाही," बाई म्हणाल्या. "आधी चंबू धुवायला शीक."

ती मुलगी बरीच धडपडली आणि शेवटी संशोधन सोडून गेली, असं नंतर कानावर आलं.

काही वर्षांनी मी बेसिनच्या जाळीत अडकून बसले. नवी कांडी घेऊन बाई प्रयोग दाखवायला उभ्या राहिल्या. काही झालं नाही. पुन्हा केला, तरी नाही. मी सापडले, आणि अभिक्रिया सुरळीत झाली. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला भिंगाखाली धरलं. माझ्या ओरखड्यांत पॅलेडियमची ती काळी भुकटी मुरली होती. धातूशिवाय म्हणून जे गाजलं, ते त्याच धातूनं केलं होतं. मित्रांनो, लाडकी असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लेक म्हणाली, "आई, तुला थोडंच माहीत होतं? राहू दे ना आता."

"मला माहीत नव्हतं, खरंय. पण ती सांगत होती. आणि मी तिला चंबू धुवायला शिकवत बसले."

बाईंनी निबंध मागे घेतला. लोक तोंडावर प्रामाणिकपणाचं कौतुक करत आणि वळले की हसत. बाईंनी ते सोसलं. त्या मुलीला फोन करायचं मात्र आज-उद्या करत त्या ढकलत राहिल्या. शेवटी केला, तेव्हा ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती.

"मला वाटत होतं, माझाच हात वाईट," ती म्हणाली.

"नव्हता गं," बाई म्हणाल्या.

"बरं. ठेवते, बाई. गिऱ्हाईक आलंय."



आज बाई नाहीत. मागे घेतलेल्या त्या निबंधाचे हवाले अजूनही वाढतात. मागे घेतल्याची सूचना वाचतो कोण? लेक तो आकडा बघत नाही. तिनं मला कापसात गुंडाळून खणात ठेवलं आहे.

मित्रांनो, भांडी नीट तपासा, हे तर मी सांगेनच. पण आपल्या हातून होणारं काम दुसऱ्याच्या हातून होत नसेल, तर त्याला बोल लावण्याआधी तपासा. आणि चूक आपली निघाली, तर साऱ्या जगाला सांगण्याआधी त्या एका माणसाला सांगा. बाईंनी तिला सगळ्यांत शेवटी सांगितलं.