पहिल्या फेरीचा धूर

गाडीचा आवाज दाबणं हा माझा धंदा. तेव्हा मीच तोंड उघडावं हे शोभत नाही. पण आता मला गाडीच उरलेली नाही, म्हणून बोलतो. मी सायलेन्सर. पुनावळ्यातल्या तरुण मंडळाच्या शववाहिकेला बसवलेला.

माझा जन्म चाकणच्या एका शेडमधला. पत्रा वाकवला, सांधे जोडले आणि गंजू नये म्हणून बाळाला लावावं तसं सगळ्या अंगाला तेल लावलं. हे तेल पहिल्यांदा तापलं की जळतं. धूर होतो, वास सुटतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. मला बसवताना मेकॅनिकने ड्रायव्हर कोंडाजीला तसं सांगितलंही होतं, "पहिल्या फेरीला धूर काढंल, राव. घाबरू नका."

माझ्या आधीचा फुटका होता. गाडी इतकी फटफटायची की लोकांना रडणं थांबवून कानांवर हात ठेवावे लागत. मंडळाला ते बरं दिसेना. दुःख शांततेत व्हावं म्हणून मला आणलं.

माझी पहिली फेरी मारुतरावांची.

मारुतराव, म्हणजे अण्णा, गावातले जुने शेतकरी. शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले. घर मात्र राहिलं, आणि त्याला दोन दारं झाली. थोरला रणजीत आणि धाकटा नवनाथ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण जमिनीचं असेल असं तुम्हाला वाटेल. जमिनीचं त्यांनी बसून मिटवलं होतं. भांडण झालं फ्लेक्सवरून. गावच्या उत्सवाच्या फ्लेक्सवर रणजीतचा फोटो वर, हात जोडलेला. नवनाथचा खाली, शुभेच्छुकांच्या गर्दीत, तिकिटाएवढा.

म्हाताऱ्याने शेवटच्या दिवसांत एकच मागणं मागितलं होतं. "मला गाडीत घालू नका. दोघांच्या खांद्यावर जाईन." सकाळी रणजीतने पहिला फोन मंडळाला केला. गाडी आली की कुणी कुणाशेजारी उभं राहायचा प्रश्नच नव्हता.

मी जमिनीलगत असतो, मला आधी पायच दिसतात. दारात मारुतरावांच्या चपला होत्या. त्या कुणी उचलल्या नाहीत, कुणी बाजूला सारल्या नाहीत. सगळे ओलांडून जात होते. आतून कुणीतरी साखरेचा डबा कुठे आहे म्हणून विचारत होतं. घरातलं माणूस गेलं की घर असंच बारीकसारीक विचारत राहतं.

तिरडी गाडीत ठेवली. राजगुरुनगरच्या आत्याबाई चाकणच्या चौकात अडकल्या होत्या. दर थोड्या वेळाने त्यांचा फोन यायचा की आता सुटलेच. रणजीत म्हणाला, "इंजिन चालू राहू दे, निघायचंच आहे." इंजिन चालू राहिलं. मी तापत गेलो.

आणि धूर सोडला. बरोबर तिरडीच्या खालून.

"गाडी पेटली!" पाय चारी दिशांना पळाले. "डिझेल गळतंय!" "अरे, अण्णांना बाहेर काढा आधी!" एका पाहुण्याने तांब्याभर पाणी माझ्यावर ओतलं, त्याने धुरात वाफेची भर पडली. दुसऱ्याने व्हिडिओ काढला.

मारुतरावांची बायको, कौशल्याबाई, गाडीत तिरडीशेजारी बसली होती. ती हलली नाही. कोंडाजी वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आजी, काय न्हाई झालं. नव्या सायलेन्सरचं तेल जळतंय. आत्ता थांबंल."

"तुला कुणी इचारलं का?"

"न्हाई."

"मग गप ऱ्हा. आन् बंद कर गाडी."

मग ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जळक्या गाडीतून न्हेता व्हय बापाला? मडकं नातू धरंल. म्होरं तुमी दोगं लागा."

भरल्या अंगणात आईला नाही कोण म्हणणार? दोघांनी खांदा दिला.

तिरडी थोडी पुढे गेल्यावर कोंडाजीने गाडी चालू केली आणि रिकामीच मागून आणली. माझा धूर तेवढ्यात विरला होता. एक पाहुणा मागे वळून म्हणाला, "अहो, ही तर नीट चाललीय की!"

"रिकामी हाय म्हणून चालतीय," कोंडाजी म्हणाला. "वजन टाकलं की पुन्हा पेटंल."

पाहुण्याला ते पटलं. तो इंजिनिअर होता.

रस्ता लांब होता. लोक खांदा बदलायला पुढे येत. रणजीत सोडेना, कारण नवनाथ सोडत नव्हता. नवनाथ सोडेना, कारण रणजीत सोडत नव्हता. इतका चिवट अहंकार मी कुठे पाहिला नाही. त्या दिवशी तोच म्हाताऱ्याच्या कामी आला. नवनाथ बुटका, त्यामुळे तिरडी त्याच्याकडे कलायची. एका नव्या टॉवरसमोर रस्त्यावर खडी पडली होती. नवनाथचा अनवाणी पाय तिच्यावर पडला आणि तो अडखळला.

"सावकाश," शेजारून रणजीतचा आवाज आला. "मी वाकतो जरा."

नवनाथने पाय खडीतून बाहेर घेतला.

"वाकू नको, दादा. गुडघा धरंल तुझा."

पुढे स्मशानापर्यंत पावलं एकदम पडत होती, एवढं मला दिसलं.

तेराव्यानंतर दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून मंडळाच्या कार्यालयात आले; आमची गाडी दाराशीच उभी होती. तीन वर्षांत त्यांनी आपणहून मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार. रणजीत बोलायचा, नवनाथ दुजोरा द्यायचा. "असला सायलेन्सर? माणसाच्या शेवटच्या वेळेला?" "व्हय ना! अण्णा आत होते आमचे!"

अध्यक्षांनी कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजीने एकदा भावांकडे पाहिलं, मग टोपी नीट केली. "सायलेन्सरच खराब निघाला, साहेब," तो म्हणाला.

मला त्याच संध्याकाळी उतरवलं. आता कुदळवाडीच्या भंगारात पडून आहे. अंगाला भोक नाही, सांधा सुटलेला नाही. ज्या दिवशी चांगला तापलो, त्याच दिवशी खराब ठरलो. माझी तक्रार नाही. भाऊ एका बाजूला यायचे तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागतंच.

कौशल्याबाईंकडे हल्ली दोघं संध्याकाळी चहाला बसतात, असं भंगारवाल्याकडे आलेल्या कुणीतरी सांगितलं. अजून माझ्या नावाने बोटं मोडतात म्हणे, आणि ती ऐकून घेते. मोडू देत. तुम्ही कधी पुनावळ्यात गेलात, ते दोघं भेटले आणि माझा विषय निघालाच, तर एवढं करा: मी खराबच होतो, असं म्हणा.