आडव्या उंबरठ्याची उभी पट्टी

मी एक जुना सागवानी उंबरठा आहे. म्हणजे होतो. आता माझ्या पट्ट्या झाल्या आहेत. पण मित्रांनो, हळहळू नका, आधी ऐका.

मल्हारगंजातल्या एका सुताराने मला घडवलं आणि रेल्वेत कारकून असलेल्या शंकररावांनी स्नेहलतागंजातल्या आपल्या घराच्या दारात बसवलं. काय थाट होता माझा! त्यांची पत्नी इंदुमती रोज मला हळदकुंकू वाही. माझ्यावर उभं राहून कुणी शिंकलं, तर त्याची काही धडगत नसे. धाकटी सून शलाका आली तीही माझ्यावरचं तांदळाचं माप लवंडूनच. सगळे मला ओलांडत आणि मी दारात ऐटीत आडवा पडून असे.

शंकरराव गेले. इंदुमतीच्या गुडघ्यांना जिना झेपेना. घर विकून धाकटा मुलगा निशांत आणि शलाकाने शहराबाहेर राऊ गावात छोटासा फ्लॅट घेतला. निघताना इंदुमतीने बजावलं, "कपाट राहिलं तरी चालेल, आधी उंबरठा टेम्पोत ठेवा!"

शलाकाने माझा मान राखायचा म्हणून मला हॉल आणि सासूबाईंची खोली यांच्यामधल्या दारात ठेवलं. विष्णू मिस्त्रीने लाकडी फरशी नुसती मांडून दाखवली. हॉलमध्ये पट्ट्या उभ्या, खोलीत आडव्या, मध्ये मी. चिमुकल्या घराचे जणू आणखी तुकडे पडले.

इंदुमती काठी टेकत बघायला आली. माझ्यावर तिचा अंगठा आपटला. ती कळवळली. मग खोलीकडे बघत म्हणाली, "ही तर माचिसची डिब्बी आहे गं! जीव घुसमटेल माझा. मी आपली देवासला प्रेमलताकडे राहीन."

लेकीकडे जायला हरकत नव्हती. पण राऊचं घर जिच्यासाठी घेतलं, तीच त्यात राहणार नव्हती. शलाकाचे डोळे भरून आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिने जन्मभर पुजलं, तिलाच मी ठेच लावली होती!

दुसऱ्या दिवशी शलाकाने पदर खोचला. "विष्णूभिया, सगळ्या पट्ट्या उचला. हॉलच्या बाल्कनीपासून आईंच्या खिडकीपर्यंत एकच लाइन न्यायची. मध्ये कुठे तोडायची नाही."

"नजर सीधी खिडकीपर्यंत जाईल, खोली बडी दिसेल," विष्णू म्हणाला. "पण ही दहलीज मधे येते ना, मॅडमजी."

निशांत हादरला. "उंबरठा काढलास तर आई दारातूनच परत जाईल. कोण सांगणार तिला?"

"मी सांगीन."

आणि तिने सांगितलं. सासूबाईंच्या पायाशी बसून म्हणाली, "आई, याच्यावरचं माप लवंडून मी तुमच्या घरात आले. याला मी फेकणार नाही. पण तुमची वाट अडवणारं काही या घरात ठेवणारही नाही."

इंदुमतीने आधी माझ्याकडे, मग ठेचाळलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कर तुझ्या मनासारखं. मी बघेन, मग ठरवीन."

करवत अंगावर चालली तेव्हा मी दात-ओठ आवळून पडून राहिलो. म्हटलं, चिरा! पण इंदुमतीला या घरात थांबवून घ्या. माझ्या पट्ट्या निघाल्या, रंधा फिरला आणि विष्णूने मला त्याच दारात बसवलं, पण उभा. निम्मा हॉलमध्ये, निम्मा खोलीत, बाकीच्या पट्ट्यांच्या ओळीत.

इंदुमती आली. दाराशी थांबली आणि जुन्या सवयीने मला ओलांडायला तिने पाय उंच उचलला. ओलांडायला काही नव्हतंच. पाऊल अलगद माझ्यावर टेकलं. तिची नजर सरळ पट्ट्यांवरून खिडकीपर्यंत गेली आणि बाहेरच्या कडुनिंबावर थांबली.

"अगं, भिंत सरकवलीस की काय?"

भिंत होती तिथेच होती. शलाका नुसती हसली.

इंदुमतीने निशांतचा हात धरला, कशीबशी वाकली आणि मला हळदकुंकवाचं बोट लावलं. "प्रेमलताला फोन कर रे," ती म्हणाली. "सांग, आईचा पलंग इथेच लागतोय. तूच ये पोहे खायला."

मित्रांनो, तुमच्याही घरात जुनं काहीतरी वाटेत येत असेल. ते भंगारात टाकू नका आणि मानापोटी वाट अडवत तसंच ठेवूही नका. एकदा त्याची दिशा बदलून पाहा. इंदुमती अजूनही माझ्यापाशी आली की पाय थोडा उचलते. मग आठवण होऊन हसते आणि माझ्यावर पाय ठेवून खिडकीकडे जाते.