खाऱ्या माशांच्या खोक्याची भीती

मित्रांनो, मी एक जुने खोके आहे आणि फार भित्रे आहे. जिन्यावर बूट वाजले की अजूनही माझ्या फळ्या आखडतात.

मातांसासच्या बंदरात मी खारे मासे घेऊन उतरले. हमाल एवेलिओने मला घरी नेले, खिळे उपटून फळ्या सरसाने जोडल्या आणि काचेच्या तुकड्याने मला गुळगुळीत घासले. तेव्हा ढोलावर बंदी होती. सापडलेला ढोल पोलीस फोडत आणि वाजवणाऱ्याला तुरुंगात टाकत. म्हणून आमच्या चाळीच्या अंगणात दर रविवारी दुपारी एवेलिओ माझ्यावर बसून मलाच बडवी. "काय गळा आहे या खोक्याला!" असे बायका म्हणत आणि मी फुशारून जाई. एवेलिओ लाडाने मला आणखी घाशी, उन्हात वाळवी. तिथेच घोडचूक झाली.

एका रविवारी पोलीस आला. गाणे जागीच थिजले. एवेलिओची बायको निकोलासा हिने झटकन माझ्यावर ओल्या कपड्यांचा ढीग टाकला. पोलिसाने तो बाजूला सारला आणि वाकून मला हुंगले.

"माशांचं खोकं ना हे? मग वास कुठं गेला?"

मी गारठले. घासून घासून माझा वासच उडाला होता! एवेलिओची तर पाचावर धारण बसली.

"मासा गेला, त्याच्यामागं वासही गेला, साहेब," निकोलासा म्हणाली. "घरात मासा शिजून वर्ष झालं. तुम्ही आणून द्या की, लगेच येईल वास!"

कुणीतरी खुदकन हसले. पोलीस धपकन माझ्यावर बसला. त्याची बोटे माझ्या अंगावर आपसूक चालू लागली, थेट आमच्याच ठेक्यात. मी कितीही श्वास कोंडला, तरी घुमलेच. बोटे थांबली. तो उठला आणि एवेलिओकडे न बघता पुटपुटला, "माशांचं पाणी चोळा याला. उद्या दुसरा येईल, तो आपल्या गल्लीतला नसेल."

तेव्हापासून निकोलासा दर शनिवारी मला बंदरावरून आणलेले माशांचे पाणी चोळी.

आता ती नाही, एवेलिओ नाही आणि बंदीही नाही. त्यांची नात ओनेलिया मात्र नाक मुरडते. "शी! आजोबांचं खोकं उद्या साबणानं धुऊनच काढते," असे ती आज म्हणाली. मुलगी मायाळू आहे, पण मला धडकी भरली आहे. मित्रांनो, तिला कुणीतरी सांगा. मला खुशाल बडवा, भेग पडली तर सरस लावा. फक्त हा वास धुऊ नका. बूट पुन्हा वाजले, तर माझ्यापाशी दुसरे काहीच नाही.