न्येपीच्या दिवशीची नक्कल

न्येपीला, नववर्षाच्या मौनाच्या दिवशी, आमच्या गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी उंबरा ओलांडत नाही. ओलांडलाच तर त्याला परत आत हाकलायचं काम यंदा माझ्याकडे होतं. कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळून मी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो आणि खरं सांगतो, मिशीला पीळ देत होतो. पहिल्यांदा सापडली ती माझीच बायको.

"ब्ली, जाऊ द्या मला. शहरात, देनपासारला." ब्ली म्हणजे आमच्याकडचं 'अहो'. सुकेर्तीच्या हातात स्कूटरची किल्ली होती.

"कालच्या भुतांच्या मिरवणुकीतलं एखादं अंगात शिरलं की काय?"

"दहाला मेमेची टेप पुसली जाईल."

मेमे म्हणजे माझी आई. एके काळी तिचं गाणं ऐकायला चार गावं लोटायची. अर्धांगवायूनं तिची वाचा नेली. गाणं उरलं ते एका टेपवर, सुकेर्ती नोकरी करते त्या ध्वनिसंग्रहालयात; जुनी रिळं केव्हाच बुरशीनं खाल्ली. त्या टेपची दुसरी प्रत व्हावी म्हणून सुकेर्ती किती दिवस साहेबांच्या मागे लागली होती. अखेर नवं यंत्र आलं, दोन खणांचं, टेपा उचलून खणात ठेवणाऱ्या यांत्रिक हाताचं. काल तिनं ते बॅकअपच्या सॉफ्टवेअरला जोडलं आणि नक्कल करायचं काम न्येपीच्या सकाळी लावून दिलं. त्या दिवशी कुणी मध्ये लुडबुडत नाही, म्हणून आमच्याकडे सगळेच असली कामं न्येपीवर टाकतात.

"मग बिघडलं कुठं?"

"एकातली टेप वाचायची, दोनातल्या कोऱ्या टेपवर उतरवायची. वरचा खण एक नंबर, खालचा दोन, असं मी धरलं. सॉफ्टवेअरनं उलटं धरलंय. खणांवर छापलेले कारखान्याचे नंबर पडद्यावरच्यांशी जुळवून बघायचे असतात हो! मिरवणुकीची घाई, नाही बघितले. आत्ता आठवलं, पडद्यावर पहिल्या खणापुढे खालच्याचा नंबर होता. तो हात मेमेची टेप वर ठेवणार, आणि सॉफ्टवेअर तिलाच कोरी समजून तिच्यावरच लिहीत सुटणार."

"फोन कर कुणाला तरी."

"कुणाला? न्येपीला नेट बंद. संग्रहालयाचा पहारेकरी त्याच्या गावी, उचलत नाही."

तिला जाऊ द्यायची परवानगी मागायला मी गावच्या प्रमुखाकडे, राउहकाकांकडे गेलो. ते भिंतीआडूनच कुजबुजले, "कुणी मरायला टेकलंय?"

"नाही."

"कुणाला कळा सुटल्यात?"

"नाही काका, पण आईचा आवाज..."

"उद्या कर की मग. यंत्रालाही एक दिवस सुट्टी असू दे."

"त्याला सुट्टी कळत नाही, काका."

"तुला तरी कळते ना? तूच बायकोला सोडलंस तर मी उद्या दुसऱ्या कुणाला कुठल्या तोंडानं अडवू?"

म्हातारा चुकत नव्हता, म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोळेझाक केली असती तरी पुढे प्रत्येक गावाच्या वेशीवर माझ्यासारखाच एकेक उभा होता. वीस मिनिटांची वाट, आणि ती त्या दिवशी नव्हतीच.

घरी आलो तर आई ओसरीवर बसलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. चांगल्या हातानं तिनं सुकेर्तीच्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि शेजारच्या चटईवर थाप मारली. बस. सुकेर्ती बसली. मी उभाच राहिलो. मला किंचाळावंसं वाटत होतं आणि किंचाळायलाही बंदी होती.

दहा वाजले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा सुकेर्ती म्हणाली होती तसंच झालेलं होतं. पण त्या घटकेला आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आता सुरू झालं असेल. सुकेर्ती पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड उघडलं आणि गायला लागली. शब्द नव्हते. घोगरा, फाटका सूर, पण चढायचा तिथं चढणारा. तो भिंतीबाहेर गेला.

पलीकडून राउहकाकांची शीळ आली. कुणाच्या घरात आवाज होतोय?

मी आईसमोर गुडघे टेकले आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं.